बंदराचं पर्यावरण-मानक लिहायला घेताना: जालन्याच्या यार्डापासून न्हावा-शेव्याच्या धक्क्यापर्यंत

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही, पण मराठवाड्याचा माल बारा महिने बंदरावर असतो. लातूरची सोयापेंड, परभणी-बीडच्या कापसाच्या गाठी, वसमतची हळद, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले सुटे भाग बाहेर जातात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांसाठी भंगाराचे कंटेनर आत येतात. दौलताबादजवळ माळीवाड्याला कंटेनर डेपो आहे. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कोरड्या बंदराचं, भूमिपूजन डिसेंबर २०१५मध्ये झालं, आणि तो प्रकल्प न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतलेला आहे. तेव्हा बंदराच्या पर्यावरणाचा विचार किनारपट्टीवरच्या लोकांवर सोपवून आपण मोकळं होऊ शकत नाही.

हा लेख पर्यावरणशास्त्र शिकून नुकत्याच कामाला लागलेल्या, प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या, यार्डात सेफ्टी किंवा हिशेब सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आहे. एखादी संघटना, बंदर मंडळ किंवा विद्यापीठातला गट व्यापारी बंदरांसाठी पर्यावरण प्रमाणपत्र काढायचं ठरवतो, तेव्हा त्यामागचं मानक कुणाला तरी बसून लिहावं लागतं. ते कसं लिहायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. सगळ्या पायऱ्यांत एक कसोटी धरून चला: जे कलम तपासनीस यार्डात उभा राहून तपासू शकत नाही, ते मानकात घालू नये.

आधी कायदा आणि मानक यांची गल्लत काढा

पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ यांखालची प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं, १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी, किनाऱ्यावर असाल तर किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, घातक कचऱ्याचे २०१६चे नियम: हे सगळं कायद्याचं किमान आहे. हे पाळलं म्हणून प्रमाणपत्र द्यायचं नसतं. हे पाळलं नसेल तर अर्जच घ्यायचा नसतो. नवखे लोक पहिल्या मसुद्यात कायद्याच्याच अटी पुन्हा लिहून काढतात आणि त्यांना गुण देतात. मग संमतीपत्राची मुदत संपलेलं बंदरसुद्धा बाकीच्या गुणांवर पास होतं.

म्हणून मानकाचं पहिलं पान 'प्रवेश अटी'चं ठेवा. संमतीपत्र चालू आहे का, मंजुरीतल्या अटींचा सहामाही अहवाल दिला आहे का, घातक कचरा अधिकृत सुविधेकडे गेल्याच्या पावत्या आहेत का, हे इथेच विचारायचं. उत्तर हो किंवा नाही, आणि गुण शून्य.

जे आधीच आहे ते वाचून काढा

कोऱ्या कागदावर सुरुवात करू नका. युरोपातल्या बंदरांनी १९९७ साली इकोपोर्ट्स हा उपक्रम सुरू केला. त्यात आधी बंदराने स्वतःची प्रश्नावली भरायची आणि नंतर बाहेरच्या तपासणीतून प्रमाणपत्र घ्यायचं, अशी दोन टप्प्यांची रचना आहे. हे प्रमाणपत्र २ वर्षं चालतं. उत्तर अमेरिकेतल्या ग्रीन मरीनमध्ये २००७पासून प्रत्येक विषयाला १ ते ५ अशा पातळ्या आहेत: पहिली पातळी म्हणजे नियमांचं पालन, पाचवी म्हणजे त्या विषयात इतरांना वाट दाखवण्याइतकी कामगिरी. स्वयंमूल्यांकन दर वर्षी, बाहेरची पडताळणी दर दोन वर्षांनी.

आपल्याकडे बंदर मंत्रालयाने मे २०२३मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रति टन मालामागे कार्बन उत्सर्जन २०३०पर्यंत ३० टक्के आणि २०४७पर्यंत ७० टक्के कमी करायचं, हरित आच्छादन २०३०पर्यंत २० टक्के आणि २०४७पर्यंत ३३ टक्क्यांवर न्यायचं, अशी लक्ष्यं त्यात आहेत. तुमचं मानक या लक्ष्यांशी जुळलं पाहिजे. नाहीतर एकाच बंदराला एकच गोष्ट दोन पद्धतींनी मोजावी लागेल, आणि कंटाळून ते दोन्हीकडे कशीबशी आकडेमोड भरेल.

आयएसओ १४००१ची एक गोष्ट नीट समजून घ्या. ते व्यवस्थापनाच्या पद्धतीचं मानक आहे. किती धूळ चालेल, किती तेल चालेल, हे ते सांगत नाही. बंदराने स्वतःचे प्रभाव ओळखले का, उद्दिष्टं ठरवली का, त्यांचा पाठपुरावा केला का, एवढंच ते पाहतं. त्यामुळे एखाद्या बंदराकडे ते प्रमाणपत्र असेल तर तुमच्या मानकातल्या कार्यपद्धतीच्या कलमांना सूट द्यायला हरकत नाही, पण मोजमापाच्या कलमांना सूट देऊ नका.

हद्द आखा: बंदर कुठे सुरू होतं, कुठे संपतं

इथे जेवढा वेळ घालवाल तेवढा पुढे वाचतो. समुद्राकडची हद्द म्हणजे जहाज नांगर टाकून थांबतं ती जागा, जलमार्ग, धक्का, आणि ड्रेजिंगमध्ये तळातून उपसलेला गाळ नेऊन टाकायची जागा. जमिनीकडची हद्द म्हणजे यार्ड, रेल्वे साइडिंग, गेटबाहेरची ट्रकची रांग, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, ते बंदर चालवत असलेलं किंवा त्याच्याशी जोडलेलं कोरडं बंदर.

ही शेवटची बाब वगळायचा मोह होतो. पण साधा हिशेब करून पाहा. जालना ते न्हावा-शेवा अंतर सुमारे ४०० किलोमीटर धरा. भरलेला ट्रेलर लिटरला ३.५ किलोमीटर देतो असं समजा. म्हणजे एका खेपेला ११४ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका कंटेनरमागे एकेरी ३०६ किलो. पुढे येणाऱ्या उदाहरणात यार्डात एका कंटेनरमागे १८-१९ किलो येतात. यार्डात क्रेन विजेवर आणून वाचवलेलं सगळं एका ट्रेलरच्या एका खेपेत पुसलं जातं. तोच कंटेनर रेल्वेने गेला तर आकडा बराच खाली येतो. म्हणून 'यार्डातून किती टक्के कंटेनर रेल्वेने गेले' हा निर्देशक मानकात हवाच. वाहतुकीचं उत्सर्जन मोजायची पद्धत आयएसओ १४०८३ या २०२३च्या मानकात आहे, ती उचला. स्वतःची नवी पद्धत काढू नका. रिकामा परत गेलेला ट्रेलर त्या पद्धतीत मोजला जातो, तो तुमच्याकडेही मोजला गेला पाहिजे. भंगार घेऊन आलेला कंटेनर जालन्यातच निर्यातीच्या मालाने भरला गेला, तर रिकामी खेप वाचते. हे साधणाऱ्या यार्डाला गुण द्यायला हवेत.

हद्दीतल्या प्रत्येक बाबीपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: बंदराच्या ताब्यातली, बंदराचा प्रभाव चालणारी, किंवा फक्त नोंद ठेवण्याजोगी. डिझेलवरची क्रेन ताब्यात आहे. ठेकेदाराचा ट्रक प्रभावाखाली आहे, कारण ठेक्यात अट घालता येते. जहाजाचं बॅलास्ट पाणी (तोल राखायला पोटात भरून घेतलेलं) मात्र आंतरराष्ट्रीय कराराचा आणि जहाज तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेचा विषय आहे. तो करार ८ सप्टेंबर २०१७पासून लागू आहे. बंदराने जहाजाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं असं कलम लिहाल तर ते कुणीच पाळणार नाही. 'आलेल्या प्रत्येक जहाजाकडून बॅलास्टचा अहवाल घेतला आणि जपला का' एवढं विचारा.

प्रभावांची यादी: मालावरून काढा

तयार याद्यांत हवा, पाणी, आवाज, कचरा असे ठोकळ रकाने असतात. त्यापेक्षा माल घ्या आणि त्याच्यामागे चाला.

भंगार घ्या. कंटेनर उघडून भंगार ओतलं की लोखंडाची भुकटी आणि गंज उडतो, आवाज होतो, तेलकट तुकड्यांतून तेल झिरपतं. शिवाय भंगारात किरणोत्सारी तुकडा निघण्याचा धोका खरा आहे: एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० निघालं आणि एका कामगाराचा जीव गेला. आयात भंगाराला जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, तरीही यार्डाच्या गेटवर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र आहे का, ते चालू आहे का, त्याचं कॅलिब्रेशन (अचूकतेची पडताळणी) कधी झालं आणि भोंगा वाजल्यावर कंटेनर कुठे नेऊन उभा करायचा, हे चार प्रश्न मानकात हवेत. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कागदावर असतं आणि जमिनीवर नसतं. तपासनिसाने ती वेगळी राखलेली जागा चालत जाऊन पाहावी. तिथे दुसरेच कंटेनर रचून ठेवलेले असतील तर कलम नापास.

आता कापूस, पेंड, हळद. निर्यातीआधी कंटेनरला धुरी देतात. मिथाइल ब्रोमाइड वापरलं तर ते ओझोनच्या थराला मारक आहे. मॉन्ट्रियल करारात क्वारंटाइनच्या वापराला सूट असली तरी किती किलो वापरलं याची नोंद मागायला हरकत नसावी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या तर फॉस्फिन वायू निघतो. वापरून झालेल्या गोळ्यांची करडी भुकटी पुरती निवलेली नसते, ओल लागली की उरलेला वायू बाहेर पडतो. ती पोत्यात भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेली आढळली तर तिथेच शेरा मारा. धुरी दिलेल्या कंटेनरवर इशाऱ्याचा फलक, उघडण्याआधी वायूची मोजणी, आणि भुकटी निकामी केल्याची नोंद, या तीनही गोष्टी पाहता येतात.

पेंडीच्या धुळीला भडकण्याचा धोका असतो, फळांच्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला वीज सतत लागते आणि वीज गेली की डिझेल जनरेटर सुरू होतो. असं मालामागे मालाचा माग काढत गेलात की तुमची यादी तुमच्या बंदराची होते.

कलम लिहायची रीत: डिझेलचं एक कलम पूर्ण लिहून पाहू

पहिल्या मसुद्यात बहुतेक असं लिहिलेलं असतं: 'बंदराने इंधनाचा वापर कमी करण्यासाठी योग्य ती पावलं उचलावीत.' यात तपासण्यासारखं काहीच नाही. 'योग्य', 'शक्यतो', 'पुरेसं', 'वेळोवेळी' हे शब्द मसुद्यात शोधा आणि प्रत्येक ठिकाणी आकडा, मुदत किंवा नाव घाला. तेच कलम असं लिहिता येईल:

'यार्डात मालहाताळणीसाठी वापरलेल्या सर्व डिझेलची रोज नोंद ठेवावी. बंदराच्या मालकीची आणि ठेकेदारांची, दोन्ही यंत्रं यात येतात. नोंदीत तारीख, यंत्राचा क्रमांक, भरलेले लिटर आणि तासमापकाचं वाचन असावं. महिनाअखेर खरेदीची बिलं, टाकीतला डिपने (पट्टी बुडवून) मोजलेला साठा आणि यंत्रनिहाय नोंदी यांचा मेळ घालावा. फरक ३ टक्क्यांहून जास्त आल्यास कारण लिहून यार्डप्रमुखाने सही करावी. नोंदी ३ वर्षं जपाव्यात.'

३ टक्के का? डिझेल तापलं की फुगतं, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०८ टक्के. आपल्याकडे मे महिन्यात जमिनीवरच्या टाकीतलं डिझेल पहाटे आणि दुपारी मोजलं आणि त्याच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर जवळपास १.६ टक्के नुसत्या उष्णतेचे. डिपची पट्टी वाचण्यातली चूक वेगळी. एक टक्क्याची अट घातली तर प्रामाणिक यार्डही दर महिन्याला नापास होईल आणि मग कारकून आकडे जुळवून लिहायला शिकेल. १० टक्क्यांची सूट दिली तर चोरी आणि गळती दोन्ही त्यात लपतात. डिप रोज पहाटे एकाच वेळी घ्यावी, ही ओळ कलमाखाली टीप म्हणून द्या.

तासमापक का? लिटर भागिले तास केलं की प्रत्येक यंत्राचा स्वतःचा सरासरी दर कळतो. एखाद्या रीच स्टॅकरचा (कंटेनर उचलून रचणाऱ्या यंत्राचा) दर अचानक खाली आला तर यंत्र सुधारलं असं लगेच समजू नका. इंजिन चालू ठेवून चालक नुसता थांबलेला असला तरी तासाला कमी डिझेल जळतं. म्हणून उचललेल्या कंटेनरची संख्याही त्याच ओळीत असावी.

भाजक: बहुतेक मानकं इथे फसतात

आकडा 'प्रति टन' किंवा 'प्रति कंटेनर' दिला की खाली काय आहे ते आधी पाहायचं. समजा एका यार्डात महिन्याला १२,००० लिटर डिझेल आणि ६०,००० युनिट वीज लागली. डिझेलचे ३२,१६० किलो. ग्रिडच्या विजेचे युनिटला सुमारे ०.७ किलो धरले तर ४२,०००. एकूण ७४,१६० किलो. भरलेले कंटेनर हाताळले ४,०००, म्हणजे कंटेनरमागे १८.५ किलो. आता त्याच महिन्यात १,५०० रिकामे कंटेनरही उचलून ठेवले होते. ते भाजकात घेतले की आकडा १३.५ होतो. एक लिटर डिझेल न वाचवता २७ टक्क्यांची 'सुधारणा', हरित सागरच्या २०३०च्या लक्ष्याच्या अगदी जवळ.

यावर उपाय असा: भाजकाची व्याख्या मानकातच करा आणि आधार वर्षालाही (ज्या वर्षाशी तुलना करायची त्यालाही) तीच लावा. भरलेले आणि रिकामे वेगळे दाखवा. कोळसा, खनिज, तेल आणि कंटेनर यांचे टन एकत्र मिसळू नका. धक्क्यावर खनिज वाढलं की टन भराभर वाढतात आणि कंटेनर विभागाचा ढिसाळपणा त्यात झाकला जातो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे डिझेलची क्रेन विजेवर आणणं आणि हिशेबात फक्त जागेवर जळणारं इंधन धरणं. मग उत्सर्जन शून्य दिसतं, प्रत्यक्षात ते औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतं. इंधन आणि वीज दोन्ही एका बेरजेत हवेत.

जहाजाला धक्क्यावरून वीज देण्याचंही तसंच आहे. जहाजाचं सहायक इंजिन एक युनिट वीज बनवताना जवळपास ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. आपली ग्रिडची वीजही तेवढीच पडते. म्हणजे कार्बनची बचत जवळजवळ नाही. बचत आहे ती धक्क्यावरच्या गंधकाच्या धुराची, नायट्रोजनच्या ऑक्साइडची आणि काजळीची, आणि बंदराशेजारी राहणाऱ्यांसाठी ती मोठी आहे. मानकाने हे दोन फायदे वेगळ्या रकान्यांत मोजावेत आणि कार्बनचे गुण वीज सौर किंवा पवनातून घेतली तरच द्यावेत. शिवाय गुण सोय उभारल्याबद्दल देऊ नका, वापराबद्दल द्या: जहाजं धक्क्याला जितके तास होती, त्यातले किती टक्के तास धक्क्याच्या विजेवर होती? बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झवर चालतात आणि आपली ग्रिड ५० हर्ट्झची. वारंवारता बदलणारं यंत्र नसेल तर जोडणीचा खांब नुसता उभा राहतो.

मोजणीची अट स्पष्ट लिहा

*हवा.* देशाची २००९ची मानकं पीएम-१० (१० मायक्रोमीटरपर्यंतची बारीक धूळ) साठी २४ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि वर्षाची ६० सांगतात. वर्षाची सरासरी काढायला एका ठिकाणी आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ मोजण्या लागतात. तपासणीच्या तोंडावर आठ दिवस मोजून दिलेला आकडा स्वीकारू नका. यंत्राचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटरवर असावं आणि भिंतीच्या आड नसावं. वाऱ्याच्या वरच्या (वारा येतो त्या) आणि खालच्या (वारा जातो त्या), दोन्ही बाजूंना केंद्र हवं. दोन्हींतला फरक हीच यार्डाची धूळ, कारण उन्हाळ्यात मोकळ्या शेतांची माती यार्डाच्या नावावर जमा होते. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेकडून, त्यामुळे कोणतं केंद्र वरचं हे ऋतूप्रमाणे बदलतं. वीज गेली तर किती तासांचा नमुना ग्राह्य धरायचा, हे मानकानेच ठरवावं. फिल्टर वजन करण्याआधी कोरड्या, ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवलेला असावा. जुलैच्या ओलीत तसाच तोललेला फिल्टर धुळीबरोबर पाण्याचंही वजन दाखवतो.

*पाणी.* पंचवीस मिलिमीटरची एक सर एका हेक्टरवर अडीच लाख लिटर पाणी पाडते. दहा हेक्टरांच्या काँक्रीट यार्डावर २५ लाख लिटर, आणि त्यातलं बहुतेक वाहून जातं. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेल्या ५० वाघिणींच्या पाणीगाडीत एका खेपेला तेवढंच पाणी असायचं. त्या भागात उभं राहिलेलं यार्ड धुळीवर मारायला टँकर विकत घेत असेल आणि पावसाचं पाणी नाल्यात सोडत असेल, तर त्याला प्रमाणपत्र मिळता कामा नये. हे आमचं ठाम मत आहे.

पण ते पाणी थेट मुरवायचंही नाही. पहिल्या सरीत महिन्यांची धूळ, तेल आणि टायरचा चुरा येतो. पहिली लाट वेगळ्या टाकीत घ्या, तेल सापळ्यातून काढा, बाकीचं तळ्यात. सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीज लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३० च्या आत, हे देशाचं मानक आहेच. तेल-ग्रीजचा नमुना काचेच्या बाटलीत, पृष्ठभागावरूनच घ्यायचा आणि आम्ल घालून जपायचा. प्लास्टिकच्या बाटलीत तेल भिंतीला चिकटतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना पाऊस सुरू झाल्यावर घ्यायचा, थांबल्यावर नाही.

काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात. त्यावर सांडलेलं डिझेल सरळ खाली जातं आणि खालच्या बसाल्टच्या फटींतून कुणाच्या तरी विहिरीत निघतं. म्हणून इंधन भरण्याची जागा काँक्रीटची, कडेला बांध असलेली हवी, आणि उताराकडच्या विहिरींचे नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा घ्यायला हवेत.

*गाळ.* समुद्री बंदरात ड्रेजिंगने पाणी गढूळ होतं. परदेशातल्या निळ्या पाण्याच्या बंदराची मर्यादा उचलून मुंबईच्या खाडीला लावू नका. इथलं पाणी मुळातच गाळाने भरलेलं असतं आणि उधाणाच्या भरतीला आणखी गढूळ होतं. मर्यादा 'प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या केंद्रापेक्षा किती जास्त' अशी ठेवा. मूळ स्थितीची मोजणी उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही वेळांची, पावसाळ्यातली आणि कोरड्या दिवसांतली असावी.

श्रेणी आणि गुण

तीन श्रेणी पुरतात. त्याहून जास्त केल्या की सगळा वाद श्रेणीच्या सीमेवर होतो. महत्त्वाचं एवढंच, की एका विषयातली कमाई दुसऱ्या विषयातल्या खड्ड्यात टाकू देऊ नका. घातक कचरा उघड्यावर ठेवून दहा हजार झाडं लावली म्हणून सरासरी वर जाता कामा नये. प्रत्येक श्रेणीसाठी प्रत्येक विषयात किमान पातळी ठरवा. झाडं मोजायची तर लावलेली मोजू नका. तीन वर्षांनंतर मे महिन्यात जिवंत असलेली मोजा. कडुनिंब, करंज इथे तग धरतात. किनाऱ्यावर तिवरांचं जंगल राखणं हे नवी झाडं लावण्यापेक्षा वरचं काम आहे, आणि गुणही तसेच असावेत.

लोकांना विचारा, त्यांच्या सोयीने

मसुदा मराठीत छापा आणि हरकतींसाठी किमान ६० दिवस ठेवा. बैठकीची तारीख काळजीपूर्वक निवडा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कोळी बांधव त्या काळात घरी सापडतात. पण तोच काळ आपल्याकडे पेरणीचा. यार्डाशेजारच्या शेतकऱ्याला जूनमध्ये बोलावलंत तर खुर्च्या रिकाम्या राहतील. दोन बैठका दोन वेगळ्या महिन्यांत घ्या. ट्रकचालकांशी बोलायचं तर गेटबाहेरच्या रांगेतच जा, इंजिन किती तास चालू ठेवावं लागतं ते तेच सांगतील. आलेल्या प्रत्येक हरकतीपुढे 'मान्य', 'अंशतः मान्य' किंवा 'अमान्य' आणि कारण लिहून ती यादी जाहीर करा.

आधी चाचणी, मग छपाई

मसुदा तीन वेगळ्या जागी चालवून पाहा: एक मोठं कंटेनर बंदर, एक लहान जेटी, एक कोरडं बंदर. प्रत्येक ठिकाणी दोन तपासनीस एकमेकांशी न बोलता तीच कलमं तपासतील. दोघांचे निकाल जिथे वेगळे आले ते कलम तपासनिसाच्या माथी मारू नका, भाषा सुधारा. एखाद्या कलमाला सगळेच पास झाले तर ते कलम काही सांगत नाही. सगळेच नापास झाले तर एक तर पातळी चुकली आहे किंवा मोजायची सोयच नाही. लहान जेटीवर किती माणसं आणि किती दिवस लागले तेही लिहून ठेवा, कारण खर्च परवडला नाही तर फक्त मोठी बंदरं अर्ज करतील.

तपासनीस आणि प्रमाणपत्र

जी संस्था बंदराला सल्ला देते तिने त्याच बंदराची तपासणी करायची नाही. आयएसओ १७०२१-१ हे प्रमाणन संस्थांसाठीचं मानक सल्ल्यानंतर किमान २ वर्षांचं अंतर मागतं, तेच घ्या. भारतात प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेखाली आहे. तिथली मान्यता असलेल्या संस्थेलाच काम द्यावं.

प्रत्येक कलमाला तीन पुरावे: कागद, डोळ्यांनी पाहिलेलं, आणि काम करणाऱ्या माणसाचं म्हणणं. तिन्ही जुळले तर पास. रात्रपाळीत एक फेरी बंधनकारक ठेवा. सांडपाणी सोडणं, कचरा जाळणं, धूळ दाबायचं पाणी बंद ठेवणं हे बहुधा अंधारातच होतं. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षं, मध्ये दर वर्षी छोटी तपासणी, आणि तीन वर्षांत एकदा न सांगता भेट. गंभीर दोष सुधारायला ९० दिवस, नंतर स्थगिती, आणि ती स्थगिती त्याच दिवशी संकेतस्थळावर दिसली पाहिजे. शेजारच्या गावाला तक्रार करायची सोय मराठीत आणि फोनवर असावी. आलेली तक्रार बंदराकडेच चौकशीला पाठवायची नाही.

मानकाचा आढावा दर पाच वर्षांनी, पण दोन गोष्टी दर वर्षी बदलाव्या लागतात. ग्रिडच्या विजेचा उत्सर्जन गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण नव्याने देतं, तो त्या त्या वर्षाचाच वापरायचा. आणि बंदराने नवा धक्का किंवा नवं यार्ड जोडलं तर आधार वर्षाचा आकडा नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा काढायचा. पुन्हा काढलेला आकडा आणि जुना, दोन्ही अहवालात शेजारी शेजारी छापायचे, म्हणजे वाचणाऱ्याला फरक स्वतः पाहता येतो.